वापरलेली टूरिंग मोटरसायकल नव्याने घेतली आहे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे आजवर तीन टूरर, म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेल्या मोठ्या मोटरसायकली, झाल्या, तिन्ही दुसऱ्याच्या हातून आलेल्या. ओळखीत कुणी अशी गाडी घेतली की पहिल्याच आठवड्यात फोन येतो आणि प्रश्न साधारण तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहितो आहे. सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: जुन्या टूररचं नुकसान चालण्यापेक्षा उभं राहण्याने जास्त होतं, त्यामुळे मीटरवरचा आकडा बघून तिची तब्येत ठरवता येत नाही.

गाडी काल घरी आली. येत्या सुट्टीत हजार किलोमीटरची चक्कर मारून येऊ का?

नको. मन आवरत नाही हे मला ठाऊक आहे, तरीही नको. पहिला महिना घरापासून तासाभराच्या अंतरातच फिरवा.

टूररची दुखणी दहा मिनिटांच्या चाचणीत दिसत नाहीत. ती दिसतात दोन तास सलग चालवल्यावर, इंजिन पूर्ण तापलेलं असताना बंद करून पुन्हा सेल्फ मारल्यावर, रात्री सगळे दिवे चालू असताना, भर पावसात, आणि मागे माणूस बसल्यावर. हे सगळे प्रसंग पहिल्या महिन्यात मुद्दाम घडवून आणा, पण ढकलत किंवा टेम्पोत घालून घरी आणता येईल इतक्या अंतरावर. माझी दुसरी गाडी थंड असताना एका बोटात सुरू व्हायची. पेट्रोल भरायला थांबलो की मात्र वीस मिनिटं सुरूच व्हायची नाही. घेताना मी ती थंडच सुरू करून पाहिली होती.

मीटरवर फक्त १८,००० किलोमीटर आहेत आणि गाडी वीस वर्षांची आहे. लॉटरीच लागली ना?

इथेच बहुतेक जण फसतात. वीस वर्षांत १८,००० म्हणजे वर्षाला ९०० किलोमीटर. अशी गाडी बहुतेक काळ कव्हरखाली उभी होती. त्या काळात ब्रेक ऑइलने हवेतला ओलावा शोषला, फोर्कची, म्हणजे पुढच्या शॉकअपची, ऑइल सीलं एकाच जागी दबून कडक झाली, कार्ब्युरेटरमध्ये राहिलेल्या पेट्रोलचं वार्निश झालं, पेट्रोलच्या टाकीच्या वरच्या रिकाम्या भागाला आतून गंज चढला. रबराच्या नळ्यांना तर किलोमीटरशी काही देणंघेणंच नसतं, त्या वर्षं मोजतात.

याउलट ९०,००० चाललेली, नियमित ऑइल बदललेली, बिलांची फाइल सोबत असलेली टूरर मी डोळे झाकून घेईन. ही इंजिनं त्यासाठीच बांधलेली असतात. मोठी, कमी आरपीएमवर चालणारी, बहुतेक पाण्याने थंड होणारी. होंडाच्या गोल्ड विंग किंवा बीएमडब्ल्यूच्या बॉक्सर इंजिनाला लाख किलोमीटर हे म्हातारपण नव्हे.

जवळून पाहिलेली एक गोष्ट सांगतो. अशाच एका कमी चाललेल्या गाडीची सीट काढून मी एअर फिल्टरचं झाकण उघडलं. आत बारीक कातरलेला कागद, सीटखालच्या फोमचे पिवळे तुकडे आणि धान्याची टरफलं यांचं मुठीएवढं घरटं होतं. उंदरांनी फिल्टरच्या एका कोपऱ्याला भोक पाडलं होतं आणि त्यातून थोडा भुसा इनटेकच्या तोंडापर्यंत पोचला होता. गाडी बाहेरून चकचकीत होती, क्रोमवर बोटाचा ठसा नव्हता. तेव्हापासून घरी आलेल्या प्रत्येक गाडीचा एअर फिल्टर मी सगळ्यात आधी उघडतो.

आधीचे मालक म्हणतात, "सर्व्हिसिंग आत्ताच केलंय." मग पुन्हा खर्च कशाला?

ते खोटं बोलत असतील असं नाही. त्यांच्या मते सर्व्हिसिंग म्हणजे ऑइल आणि धुणं असू शकतं. बिल असेल तर विश्वास ठेवा. नसेल तर झालंच नाही असं धरा आणि सगळं तुमच्या तारखेपासून सुरू करा. एकदा शून्य आखलं की पुढची दहा वर्षं हिशेब सोपा.

माझा क्रम असा असतो: इंजिन ऑइल आणि फिल्टर, दोन्ही ब्रेकचं ऑइल, क्लच हायड्रॉलिक असेल तर त्याचंही, कूलंट, एअर फिल्टर, प्लग, शाफ्टची गाडी (चेनऐवजी फिरत्या दांड्याने मागचं चाक चालवणारी) असेल तर मागच्या फायनल ड्राइव्हचं ऑइल. फोर्क ऑइल याच यादीत यायला हवं, पण ते काम मोठं असल्याने लोक टाळतात. फोर्कमधून निघणारं पहिलं ऑइल बहुधा करड्या चिखलासारखं असतं. ते बदलल्यावर गाडीचा पुढचा भाग वेगळाच वाटतो.

इंजिन ऑइलबद्दल एक सावधगिरी. बहुतेक मोटरसायकलींचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारसाठीच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असतात, त्यामुळे क्लच सरकायला लागतो. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ (मोटरसायकलच्या ऑइलचं जपानी मानक) असं लिहिलेलंच घ्या. बीएमडब्ल्यूच्या जुन्या बॉक्सरसारखा कोरडा क्लच असेल तर ही अडचण नसते, तरी मॅन्युअलमध्ये सांगितलेला ग्रेड सोडू नका.

टायरची नक्षी निम्म्याहून जास्त शिल्लक आहे. तरी मेकॅनिक बदला म्हणतो. खरंच गरज आहे?

आधी टायरचा जन्म बघा. बाजूच्या भिंतीवर डॉट या अक्षरांनंतर एक लांबलचक क्रमांक असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. हे आकडे कधी कधी टायरच्या एकाच बाजूला असतात, म्हणून दोन्हीकडे वाकून बघा. शेवटी तीनच आकडे दिसले तर तो टायर २००० सालाच्या आधीचा आहे. त्यावर गाडी घरापर्यंतसुद्धा चालवू नका.

पाच वर्षांच्या पुढे गेलेला टायर मी संशयाने बघतो. सहा-सात वर्षांचा असेल तर नक्षी कितीही असो, टूरिंगसाठी बदलतो. रबर कडक होतं, आणि कोरड्या रस्त्यावर ते जाणवत नाही. पहिल्या पावसात, गोल वळणावर, ब्रेक दाबल्यावर जाणवतं. तुम्ही भरलेल्या पेट्या आणि मागे माणूस घेऊन त्या टायरवर तासन् तास बसणार आहात. या एका गोष्टीत काटकसर करू नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

टूररच्या टायरचं आणखी एक खास दुखणं म्हणजे तो मधूनच झिजतो. सरळ हमरस्त्यावर हजारो किलोमीटर गेले की गोलाई जाऊन मधे सपाट पट्टा तयार होतो आणि त्याच्या दोन्ही कडांना धार येते. अशी गाडी वळणात कलंडायला आधी कां-कूं करते आणि मग त्या धारेवरून पडल्यासारखी एकदम झुकते. कित्येक नवे मालक याला गाडीचा स्वभाव समजतात. नवे टायर टाकले की तीच गाडी अंगाला बसते. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर मात्र सांभाळून, कारण नवा टायर गुळगुळीत असतो.

हवा थंड टायरमध्येच मोजा. टायरच्या भिंतीवर लिहिलेला आकडा हा जास्तीत जास्त दाबाचा असतो, तुमच्या गाडीला लागणाऱ्या दाबाचा नव्हे. तो मॅन्युअलमध्ये किंवा स्विंगआर्मवरच्या, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या, स्टिकरवर मिळेल. बऱ्याच मोठ्या टूररना पुढे ३६ आणि मागे ४२ पीएसआयच्या आसपास हवा लागते. ही गाडी कमी हवेवर चालवली तर जड वाटते, पटकन वळत नाही आणि टायर आतून तापतो.

ब्रेक लागतो, पण लिव्हर स्पंजासारखा वाटतो.

जुनं ऑइल, आत हवा किंवा फुगणारी रबरी नळी, या तिघांपैकी काहीतरी. ग्लायकॉलवर आधारलेलं ब्रेक ऑइल, म्हणजे डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१, पाणी शोषून घेतं. पाणी मिसळलं की उकळण्याचा बिंदू खाली येतो. घाट उतरताना ब्रेक तापले की आत वाफ होते आणि लिव्हर हँडलपर्यंत येतो. म्हणून दर दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी चालली असो वा नसो. ब्रेक ऑइलच्या डबीच्या काचेतून ऑइल तपकिरी दिसत असेल तर विचारत बसू नका, बदला.

डॉट ५ ही वेगळीच जात आहे. ते सिलिकॉनचं असतं आणि बाकीच्यांत मिसळायचं नसतं. जुन्या हार्ले टूररमध्ये ते सापडतं. नाव सारखं असलं तरी ५ आणि ५.१ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. झाकणावर काय लिहिलंय ते वाचूनच बाटली उघडा, आणि ग्लायकॉलच्या ऑइलचा थेंब रंगावर पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल.

ज्या टूररमध्ये पुढचे-मागचे ब्रेक एकमेकांना जोडलेले असतात किंवा एबीएस असतं, तिथे हवा काढायचा क्रम ठरलेला असतो. काही गाड्यांना तर कंपनीचं निदान यंत्र जोडावं लागतं. हे काम पहिल्यांदा जाणकाराकडूनच करून घ्या.

टायमिंग बेल्टचं काय? माझ्या गाडीला तो आहे की नाही हेच मला माहीत नाही.

टायमिंग बेल्ट किंवा चेन इंजिनाच्या व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनशी जुळवून ठेवते. बहुतेक मोटरसायकलींना चेन असते आणि तिची फारशी काळजी करावी लागत नाही. पण जुन्या टूररमध्ये बेल्टवाल्या गाड्या बऱ्याच आहेत. १९७५ मध्ये आलेल्या पहिल्या गोल्ड विंगपासून २००० पर्यंतच्या जीएल १५०० पर्यंत सगळ्या गोल्ड विंग, होंडाचीच एसटी ११००, डुकाटीच्या एसटी मालिकेतल्या गाड्या. गोल्ड विंगला चेन आली ती २००१ च्या जीएल १८०० पासून.

ही इंजिनं अशी आहेत की बेल्ट तुटला तर पिस्टन उघड्या व्हॉल्व्हला धडकतो आणि व्हॉल्व्ह वाकतात. मॅन्युअलमध्ये बदलायचं अंतर मोठं दिलेलं असतं, पण ते लिहिणाऱ्याने गाडी पंचवीस वर्षं उभी राहील असं धरलेलं नव्हतं. बेल्ट कधी बदलला याचा पुरावा नसेल तर टेन्शनरच्या पुल्लीसकट बदला. गोल्ड विंगमध्ये तर पुढचं कव्हर काढलं की दोन्ही बेल्ट समोरच दिसतात, एका दिवसाचं काम आहे.

इंजिन अगदी शांत चालतं. तरी टॅपेट तपासावे का?

हो, आणि शांत चालतं म्हणूनच. टॅपेट तपासणं म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातली फट, म्हणजे गॅप, मोजणं. मोटरसायकलीत बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा गॅप कालांतराने कमी होत जातो. गॅप कमी झाला की टकटक कमी होते, मालक खूश होतो, आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंद न झाल्याने हळूहळू जळतो. थोडी टिकटिक करणारं इंजिन मला जास्त आश्वस्त करतं.

किती दिवसांनी, हे गाडीवर आहे. बीएमडब्ल्यूच्या आर ११५० सारख्या बॉक्सरला दर १०,००० किलोमीटरला, पण सिलिंडर बाहेर असल्याने काम सोपं. यामाहाच्या एफजेआर १३०० ला सुमारे ४०,००० ला, पण टाकी आणि अर्धं फेअरिंग उतरवावं लागतं. जीएल १२०० आणि १५०० ला हायड्रॉलिक टॅपेट आहेत, तिथे गॅप लावायचाच नसतो.

बॅटरी नवी टाकली तरी दर आठवड्याला बसते.

बहुतेक लोक आणखी एक बॅटरी आणतात. त्याऐवजी एक साधा मल्टिमीटर आणा आणि तीन आकडे टिपा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ ते १२.८ व्होल्ट दाखवायला हवी. १२.२ असेल तर ती निम्मीच भरलेली आहे. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली जात असेल तर बॅटरी थकली आहे. आणि इंजिन साधारण ४,००० आरपीएमवर असताना, हेडलाइट चालू ठेवून, १३.५ ते १४.५ दिसायला हवेत. तेराच्या खाली असेल तर चार्जिंग होत नाही. पंधराच्या वर असेल तर रेक्टिफायर (बॅटरीकडे जाणारी वीज आवरणारा भाग) गेलाय आणि तो बॅटरी उकळतोय.

चार्जिंग कमी आलं तर स्टेटर (इंजिनातलं वीज तयार करणारं तारांचं वेटोळं) आणि रेक्टिफायर यांच्यामधला कपलर शोधा. तीन जाड, बहुधा पिवळ्या वायरी एका पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कपलरमध्ये जातात. माझ्या पहिल्या गाडीत तो बाजूच्या पॅनलमागे, एका क्लिपखाली दडलेला होता. हात लावला तर बिस्किटासारखा चुरला. आतली एक पिन काळी पडलेली, तिच्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळून तपकिरी झालेलं, आणि वायरचं आवरण बोटभर लांबीपर्यंत कडक. तिन्ही वायरी कापून, चांगल्या तांब्यापर्यंत मागे जाऊन, डाग देऊन जोडल्या. चार्जिंग १२.७ वरून १४.२ वर आलं. त्याआधी दोन बॅटऱ्या बदलून झाल्या होत्या.

कपलर ठीक असेल तर तो सोडवा, इंजिन चालू करा आणि स्टेटरच्या तीन वायरींमध्ये दोन-दोन करून एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा आणि रेस वाढवल्यावर चढता हवा. इंजिन बंद करून त्या तीनपैकी कुठलीही वायर आणि गाडीची बॉडी यांच्यात कनेक्शन दाखवत असेल तर स्टेटर जळला. नसेल तर संशय रेक्टिफायरवर.

जादा लाइट, गरम ग्रिप, मोबाइल चार्जर लावायचे आहेत.

आधी जनरेटर किती वॅटचा आहे ते बघा. काही जुन्या टूररचा साडेतीनशे-चारशे वॅटचाच असतो आणि त्यातला मोठा वाटा इंजिन आणि हेडलाइट खातात. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० वॅट, म्हणजे सुमारे नऊ अँपिअर. एलईडी लावलात तर तोच उजेड खूप कमी खर्चात पडतो. प्रत्येक गोष्टीला वेगळा फ्यूज, जड भाराला रिले (विजेवर चालणारा स्विच), आणि रिले इग्निशनवर.

आधीच्या मालकाने केलेली जोडणी मात्र आधी उलगडून बघा. काळ्या टेपचा गोळा दिसला की सोडवा. ज्या वायरचं काम कळत नाही ती कुठे जाते ते शोधा. जुन्या टूररमध्ये अचानक बंद पडण्याचे प्रकार मी जितके पाहिले, त्यातले बरेचसे कंपनीच्या वायरिंगमध्ये नव्हते, नंतर टोचलेल्या जोडांमध्ये होते.

चेन आणि शाफ्ट यांत सांभाळायला काय वेगळं?

चेनला रोजची नजर लागते. ५०० ते ८०० किलोमीटरला, आणि पावसातून आल्यावर लगेच, गरम चेनला आतल्या बाजूने लुब्रिकंट. साफ करायला रॉकेल चालतं, पेट्रोल नको, ते ओ-रिंग खराब करतं. ढील मॅन्युअलप्रमाणे, आणि चाक फिरवत सगळ्यात ताणलेल्या जागी मोजलेली. घट्ट चेन ही सैल चेनपेक्षा जास्त नुकसान करते, गिअरबॉक्सचं बेअरिंगच खाते. स्प्रॉकेटचे दात आकड्यासारखे वळलेले दिसले तर चेनसकट पूर्ण सेट बदला.

शाफ्ट आहे म्हणजे काही करायचं नाही, हा गैरसमज आहे. मागचं ऑइल बदलताना ड्रेन बोल्टचं चुंबक बघा. बारीक करडी पेस्ट चालेल, धातूच्या चकत्या किंवा काटे दिसले तर थांबा. आणि मागचा टायर बदलताना चाक निघतंच, तेव्हा स्प्लाइन, म्हणजे चाक आणि शाफ्ट एकमेकांत बसवणारे दात, पुसून त्यांना मॉलिब्डेनमचं ग्रीस लावायला सांगा. टायरवाला स्वतःहून लावणार नाही. कोरड्या स्प्लाइनचे दात टोकदार होतात आणि एक दिवस इंजिन फिरतं, चाक फिरत नाही.

साठ-सत्तरच्या वेगाला, ॲक्सिलरेटर सोडल्यावर हँडल थरथरतं.

पुढचा टायर खालीवर झिजलेला असेल किंवा कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंगं, सैल असेल, बहुधा दोन्ही. गाडी मेन स्टँडवर लावा, मागे कुणाला तरी बसवून पुढचं चाक उचला आणि हँडल एका बोटाने अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्या. मधोमध येताना खाचेत बसल्यासारखं अडकत असेल तर बेअरिंगच्या कड्यात खड्डे पडले आहेत. नुसतं घट्ट करून भागत नाही, बदलावाच लागतो. मग फोर्क खालच्या बाजूला धरून पुढेमागे हलवा. टकटक जाणवली तर सैल आहे. चाक वर-खाली धरून हलवलं आणि खेळ दिसला तर चाकाचं बेअरिंग. तोवर हँडल दोन्ही हातांनी धरा आणि मागच्या पेटीत वजन भरू नका.

इतकी जड गाडी मला झेपेल का? पडली तर उचलू कशी?

ही भीती सगळ्यांना असते आणि ती रास्त आहे. टूररचं वजन २५० पासून ४०० किलोच्याही पुढे जातं. पण चालत्या गाडीचं वजन कुणालाच उचलायचं नसतं. गाडी पडते ती थांबताना: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला, पायाखाली वाळू आली, उतारावर पाय पोचला नाही. म्हणून थांबण्याआधी हँडल सरळ करा आणि शेवटचे काही फूट मागच्या ब्रेकवर थांबा.

मोकळं मैदान शोधून रोज पंधरा मिनिटं चालण्याच्या वेगात गाडी फिरवा. क्लच अर्ध्यावर, थोडी रेस, मागचा ब्रेक हलका दाबलेला, आणि नजर जमिनीवर नाही तर जिथे जायचंय तिथे. मान पूर्ण वळवा. नजर गेली तिकडे गाडी जाते, आणि चाकापुढच्या जमिनीकडे बघितलं तर गाडी तिथेच लवंडते. आठवडाभरात यू-टर्न जमायला लागेल.

कलंडायला लागली तर एका मर्यादेनंतर सोडून द्या. पाय खाली घालून अडवू नका, गुडघा कायमचा जातो. उचलताना आधी इंजिन बंद, गिअर टाकलेला. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवा. हँडल पूर्ण वळवा, सीटला पाठ टेकवून खाली बसा, एका हाताने हँडलची खालची ग्रिप, दुसऱ्याने सीटखालची मजबूत दांडी धरा, आणि पाठ सरळ ठेवून पायांच्या जोरावर बारीक पावलं टाकत मागे रेटा. कंबरेतून वाकून ओढाल तर उचलणार नाही आणि कंबरही धरेल.

मागे जोडीदार आणि तिन्ही पेट्या भरून गेलं तर चालेल?

आकडेमोड करा, अंदाज नको. फ्रेमवरच्या पट्टीवर किंवा मॅन्युअलमध्ये गाडीचं कमाल एकूण वजन असतं. समजा ते ५०० किलो आहे आणि पेट्रोल भरलेली गाडी २९० ची. उरले २१०. तुम्ही ८०, तुमचं जॅकेट-हेल्मेट-बूट ८, जोडीदार ६०, त्यांचं सामान-पोशाख ७, रिकाम्या तीन पेट्या १५. हातात राहिले ४० किलो. तंबू, पाणी, हत्यारं आणि कपडे त्यातच बसवायचे.

जड वस्तू खाली आणि पुढे, दोन्ही बाजूंना सारख्या. मागच्या उंच पेटीत फक्त हलकं. तिची मर्यादा बहुधा ५ ते १० किलोच असते, आणि ती मागच्या ॲक्सलच्याही मागे असल्याने तिथला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो. भार वाढला की मागच्या शॉकअपचं प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा आधीचा दाब, वाढवा आणि हेडलाइट खाली करा.

जोडीदाराशी एक करार ठेवा: विचारल्याशिवाय चढायचं नाही, उतरायचं नाही. तुमचे दोन्ही पाय जमिनीवर आणि ब्रेक दाबलेला असेल तेव्हाच मान हलवायची. आणि त्यांनी कंटाळा आला असं म्हटल्यावर नाही, त्याआधीच थांबा.

गाडी वर्षभर बंद होती. सुरू करायची कशी?

थेट सेल्फ मारू नका. आधी टाकी उघडून वास घ्या. रंगासारखा आंबट वास आला तर सगळं पेट्रोल काढा आणि टॉर्चने आत गंज बघा. मग ऑइलची कांडी किंवा टोपी काढून तिचाही वास घ्या. कार्ब्युरेटरच्या गाडीत सुई गळत असेल तर पेट्रोल सिलिंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. द्रवाने भरलेला सिलिंडर दाबला जात नाही, आणि सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ ‘ठक्’ करून अडकला तर पुन्हा बटण दाबू नका. प्लग काढा, भोकांवर कापड टाका, मग फिरवा.

लांबच्या रस्त्यावर वारा डोक्यावर आदळतो आणि संध्याकाळी कान वाजतात.

काचेची वरची कड साधारण नाकाच्या रेषेत हवी, म्हणजे रस्ता काचेवरून दिसतो आणि वारा हेल्मेटवरून जातो. वारा आदळत असेल तर काच वाढवण्याआधी कमी करून बघा, कधी कधी तेच लागू पडतं. काहीही केलं तरी इअरप्लग घाला. हेल्मेटमधला वाऱ्याचा आवाज कान कायमचा बिघडवण्याइतका असतो, आणि तो कमी झाला की दिवसाच्या शेवटी थकवाही निम्मा वाटतो.

सोबत काय ठेवू?

पंक्चरचा ट्यूबलेस किट आणि हवा भरायचा छोटा पंप, दोन्ही घरी एकदा वापरून पाहिलेले. फ्यूज, दोन-तीन आकाराचे. क्लचची केबल, असली तर. तुमच्या गाडीला खरोखर लागणारे पाने, म्हणजे घरी सगळी कामं करताना जे हातात आले तेच. मल्टिमीटर, टेप, केबल टाय, टॉर्च. कागदपत्रांवरचे फ्रेम आणि इंजिनचे क्रमांक गाडीवरच्या क्रमांकांशी तुम्ही घेतानाच पडताळले असतील असं धरतो. नसतील तर आज संध्याकाळी पडताळा.

मग पहिली खरी सफर कधी?

महिनाभर जवळपास फिरून झालं, ऑइलं बदलली, टायरचं वय कळलं, चार्जिंगचा आकडा वहीत आहे, गरम इंजिन पुन्हा सुरू होतंय, असं झालं की निघा. पहिल्या दिवशी तीनशे किलोमीटरपेक्षा जास्त ठरवू नका.

निघाल्यावर पहिल्या पन्नास किलोमीटरला थांबा. हातमोजा काढा आणि तळवा आधी जवळ नेऊन दोन्ही चाकांच्या हबची ऊब घ्या, मग शाफ्टच्या मागच्या केसिंगची. कोमट असेल तर ठीक. एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्ट गरम असेल तर तिथला ब्रेक चिकटतोय किंवा बेअरिंग जातंय. वाकून इंजिनखाली बघा, थेंब पडलाय का. पेट्यांचे कुलूप ओढून बघा. वहीत किलोमीटर लिहा आणि पुढे चला.